कधी थंड, कधी गरम: कारच्या एसी दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

४ मे

गाडी पेट्रोल हॅचबॅक. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) फिक्स्ड डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे दर फेरीला ठरावीक गॅस ढकलणारा. पुलीवर मॅग्नेटिक क्लच: पुली पट्ट्याने सतत फिरते, क्लच कॉइलला वीज मिळाली की पुढची प्लेट चुंबकाने पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरतो. गॅस आर-१३४ए, बॉनेटखालच्या स्टिकरवर भरणा ४५० ग्रॅम. रेडिएटर आणि कंडेन्सरला (एसीचा गरम गॅस निववणारी जाळी) मिळून दोन स्पीडचा एकच पंखा.

तक्रार अशी: सुरुवातीला एसी उत्तम चालतो. अर्धा-पाऊण तास झाला की हवा गरम यायला लागते. कधी काही वेळाने आपोआप थंड होते, कधी होतच नाही. इंजिन बंद करून वीसेक मिनिटं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखा. गाडी उभी असो की पळत असो, फरक पडत नाही.

यातलं शेवटचं वाक्य कामाचं आहे. उभ्या गाडीत गरम आणि पळताना थंड असं असतं तर आधी कंडेन्सरच्या पंख्याकडे गेलो असतो. हवा मिळाली नाही की हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरपुढच्या जास्त दाबाच्या बाजूचं प्रेशर चढत जातं आणि साधारण ४५० पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक) प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. इथे पंखा दोन्ही स्पीडला नीट फिरतो आहे. पट्ट्याचा ताण ठीक, चकाकी किंवा चिरा नाहीत. एसीचा फ्यूज पक्का बसलेला आहे.

गाडीमालकाला विचारलेला मुख्य प्रश्न: हवा गरम होते तेव्हा तिचा जोर तोच राहतो की कमी होतो? जोर तोच राहून हवा गरम झाली, तर कॉम्प्रेसर फिरत नाही किंवा गॅसचा प्रवाह अडला आहे. जोर हळूहळू मंदावत हवा गरम झाली, तर कूलिंग कॉइलवर (केबिनची हवा थंड करणारी जाळी) बर्फ जमतो आहे. सीटवर बसलेल्याला दोन्ही वेळा ‘एसी गेला’ एवढंच जाणवतं. शिवाय दोन्ही दोष थोडी विश्रांती दिली की बरे होतात, कारण एकात तापलेला भाग निवतो आणि दुसऱ्यात बर्फ वितळतो. उत्तर मिळालं ते ‘कधी असं, कधी तसं’. ते तसंच नोंदवलं, कारण ते खरंही असू शकतं.

दोष डोळ्यांसमोर येईपर्यंत गॅसला हात लावायचा नाही असं ठरवलं. अशा तक्रारीत सगळ्यात आधी गॅस भरला जातो आणि त्यातून काहीच कळत नाही. गॅस कमी-जास्त झाला की सगळी रीडिंग बदलतात, आणि तुलना करायला मूळ आकडे हातात उरत नाहीत.

५ मे

बाहेर ३५ अंश. इंजिन रात्रभर बंद असताना गेज जोडले: दोन्ही बाजू ११४ पीएसआय. ३५ अंशाला आर-१३४ए चं संपृक्त प्रेशर (द्रव आणि वाफ एकत्र असतानाचा दाब) एवढंच असतं. यावरून सर्किटमध्ये द्रवरूप गॅस शिल्लक आहे इतकंच कळतं. गॅस २५० ग्रॅम असो की ४५०, बंद गाडीत काटा इथेच उभा राहील. ‘उभ्या गाडीत प्रेशर बरोबर, म्हणजे गॅस पूर्ण’ हा समज फार पसरलेला आहे म्हणून मुद्दाम लिहून ठेवलं.

चालू तपासणी: १५०० आरपीएम, ब्लोअर फुल, रीसर्क्युलेशन, दारं उघडी. लो साइड (कॉम्प्रेसरकडे परतणारी कमी दाबाची बाजू) ३४, हाय साइड २१०, मधल्या व्हेंटला ९ अंश. काटे स्थिर. गॅस कमी असता तर क्लच दर काही सेकंदांनी पकडत-सुटत राहिला असता आणि लो साइडचा काटा त्याच तालात खाली-वर झाला असता. सर्किटमध्ये हवा शिरली असती किंवा गॅस जास्त झाला असता तर हाय साइड बरीच वर दिसली असती. सध्या चालतो आहे तेव्हा सर्किट निरोगी आहे.

अर्धा तास असंच चालवलं. दोष आला नाही. बॉनेट उघडं आणि गाडी सावलीत असताना इंजिनजवळची उष्णता कोंडत नाही. गाडी चालवूनच बघावी लागेल.

७ मे

चालत्या गाडीत बॉनेटखाली काय चाललं आहे ते कळावं म्हणून दोन एलईडी डॅशबोर्डवर आणले.

हिरवा एलईडी रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) कॉइलच्या ८६ आणि ८५ या टोकांमध्ये. ईसीयूने (इंजिनचा कॉम्प्युटर) कॉम्प्रेसर चालू करण्याचा हुकूम दिला की हा पेटतो. लाल एलईडी कॉम्प्रेसरच्या वायरचं टोक आणि अर्थ यांमध्ये. क्लच कॉइलपर्यंत प्रत्यक्ष सप्लाय पोहोचला की हा पेटतो. दोन्हींना सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे साधारण १२ मिलिअँपिअर करंट. जोडीला एक साधा डायोड, कारण रिलेची कॉइल बंद होताना उलट दिशेचा झटका देते आणि त्यात एलईडी जातो. कॉम्प्रेसरकडून आणलेल्या वायरला १ अँपिअरचा फ्यूज. ही वायर पट्ट्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधली. थर्मामीटरचा प्रोब मधल्या व्हेंटमध्ये, आणि त्याच व्हेंटच्या जाळीला वरून कागदाची पातळ पट्टी चिकटवली. हवेचा जोर दिसायला तिच्याइतकं सोपं साधन नाही.

अर्थ लावायचा तो असा. हवा गरम झाली आणि दोन्ही दिवे विझलेले असतील तर ईसीयूच कॉम्प्रेसर बंद ठेवतो आहे. मग थर्मिस्टर (कूलिंग कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर), प्रेशर स्विच, इंजिनचं तापमान, एसीचा स्विच या दिशेने जायचं. हिरवा पेटलेला आणि लाल विझलेला असेल तर रिले, फ्यूज किंवा मधली वायर. दोन्ही पेटलेले असून हवा गरम असेल तर वीज पोहोचते आहे. दोष क्लचमध्ये, कॉम्प्रेसरच्या आत किंवा गॅसच्या प्रवाहात.

८ मे

दोष सापडला. बाहेर ३६ अंश, सुमारे चाळीस मिनिटं चालवल्यानंतर. व्हेंटचं तापमान १० वरून दोन मिनिटांत २४. कागदाची पट्टी आडवी, म्हणजे जोर पूर्ण. दोन्ही दिवे पेटलेले.

गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं: पुली फिरते आहे, पुढची प्लेट स्थिर. गेजवर दोन्ही बाजू जवळजवळ समान. कॉम्प्रेसरच्या टोकाला १३.१ व्होल्ट, बॅटरीवर १३.९. क्लॅम्प मीटरवर क्लच कॉइलचा करंट २.८५ अँपिअर. म्हणजे क्लच कॉइल तुटलेली नाही, तिच्यातून करंट जातो आहे, तरी प्लेट ओढली जात नाही.

आणखी एक गोष्ट दिवे बघताना लक्षात आली. दोष उतारावर किंवा सपाटीवर अचानक आला नाही. ओव्हरटेक करताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, ईसीयूने काही सेकंद कॉम्प्रेसर कापला, दोन्ही दिवे विझून पुन्हा पेटले, आणि त्यानंतर हवा गरम होत गेली. एकदा पकडलेला क्लच आपणहून सुटला नाही. सुटल्यावर पुन्हा पकडला नाही. प्लेट पुलीला टेकलेली असताना मधली फट शून्य असते आणि धरून ठेवायला थोडंसं चुंबकत्व पुरतं. फट ओलांडून प्लेट ओढायला मात्र पुष्कळ जोर लागतो. दोष ‘कधी कधीच’ का येतो याचं उत्तर इथे आहे: तापल्यानंतर क्लच कधी सुटेल त्यावर ते अवलंबून.

इंजिन बंद केलं. गरम असतानाच कनेक्टर काढून क्लच कॉइलला बॅटरीतून १० अँपिअरच्या फ्यूजमार्फत थेट सप्लाय दिला: पकडला नाही. लाकडी दांड्याने प्लेट पुलीकडे दाबली: टक असा आवाज होऊन पकडला आणि दांडा काढल्यावरही धरून राहिला. ही चाचणी इंजिन बंद ठेवूनच करायची. फिरत्या पुलीजवळ दांडा नेऊ नये. प्लेट अचानक फिरायला लागते आणि दांडा हातासकट ओढला जातो.

९ मे

आकडे जमवले. मीटरच्या वायरींचा ०.२ ओहम वजा केल्यावर क्लच कॉइल थंड असताना, २८ अंशाला, ३.६ ओहम. काल गरम असताना मोजलेला ४.६. तांब्याचा रोध दर १० अंशाला साधारण ४ टक्के वाढतो, त्या हिशेबाने काल क्लच कॉइल १०० अंशांच्या आसपास तापलेली होती. थंडपणी स्वतःचे पंचेचाळीस-एक वॅट, वर इंजिनची धग. एवढं तापणं अपेक्षितच आहे. क्लच कॉइल बदलायचं कारण नाही.

सप्लायमध्ये ०.८ व्होल्ट कुठे जातात ते लोड चालू असताना टप्प्याटप्प्याने मोजलं. रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये (करंट आत येतो आणि बाहेर जातो ती टोकं) ०.५५ व्होल्ट. चांगल्या रिलेत इथे ०.१ च्या आत दिसायला हवं. वायर आणि अर्थ मिळून ०.२५, त्यात अर्थचा वाटा ०.०५. अर्थ ठीक, रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेले. लोड नसताना मोजलं असतं तर हेच टोक पूर्ण बॅटरी व्होल्टेज दाखवून मोकळं झालं असतं.

फीलर गेजने क्लचची गॅप, म्हणजे प्लेट आणि पुलीमधली फट, तीन जागी: ०.८४, ०.८८, ०.९१ मिमी. मॅन्युअलची मर्यादा ०.३५ ते ०.६० मिमी. दर वेळी पकडताना दोन्ही तोंडं किंचित झिजतात आणि गॅप वाढत जाते.

थंड क्लच कॉइलला बदलत्या व्होल्टेजच्या पॉवर सप्लायवर हळूहळू चढवत नेलं: १०.६ व्होल्टला पकडला. म्हणजे या गॅपला २.९४ अँपिअर लागतात. काल गरम असताना मिळत होते २.८५. सगळा दोष या फरकात आहे. थंडपणी सुरुवातीला ३.५८ अँपिअर मिळतात, म्हणून सकाळी क्लच निमूट पकडतो. तापल्यावर करंट पाचव्या हिश्श्याने घटतो, आणि ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती एक तृतीयांशाहून जास्त कमी होते.

आता फक्त रिले बदलला तर काय होईल, तेही मांडून पाहिलं. रिलेतली व्होल्टेजची घट जवळपास गेली की गरम क्लच कॉइलला सुमारे १३.६ व्होल्ट मिळतील. पकडायला लागणार १३.५. एसी चालायला लागेल, सगळ्यांना दुरुस्त झाला असं वाटेल, आणि जरा जास्त ऊन पडलं की तोच दोष परत दारात. रिले बदलायचाच आहे, पण मुख्य काम गॅपचं.

११ मे

बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढलं. गाडी जॅकस्टँडवर, पुढच्या चाकामागचं प्लॅस्टिकचं अस्तर काढल्यावर क्लच समोर येतो. गॅसचं सर्किट उघडावं लागत नाही. बेअरिंग बघायचं होतं म्हणून पट्टाही काढला.

प्लेट होल्डरने धरून मधला १० मिमी डोक्याचा बोल्ट काढला. प्लेट शाफ्टच्या खाचांमधून हाताने सुटली. अडकली तर हबच्या (प्लेटचा मधला भाग) आट्यांमध्ये बोल्ट घालून पुलरसारखी ओढायची. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली की प्लेट वाकते, आणि मग गॅप एका बाजूला ०.३ आणि दुसऱ्या बाजूला ०.८ अशी येऊन बसते.

तोंडांवर तांबूस भुकटी आणि उथळ वळ्या. निळसर डाग नाहीत, म्हणजे घसरून जळालेला नाही. तेलाचा ओलावा नाही, म्हणजे शाफ्ट सील शाबूत. पुली हाताने फिरवली: खरखर नाही, डुलत नाही. तोंडं ब्रेक क्लीनर लावलेल्या कापडाने पुसली. घासकागद लावला नाही. त्याने पृष्ठभाग असमान होतो.

हबच्या आतून ०.५ आणि ०.१ मिमीच्या दोन शिम (गॅप ठरवणाऱ्या पातळ चकत्या) निघाल्या. शिम सुटताना ग्रीसने हबला चिकटून येतात. त्यातली एखादी शाफ्टवर राहून गेली तर हिशेब चुकतो, म्हणून दोन्ही जागा बघितल्या. ०.५ ची काढून तिच्या जागी ०.१ ची घातली, म्हणजे एकूण ०.६ ऐवजी ०.२. बोल्ट १३ न्यूटन-मीटरला. गॅप पुन्हा त्याच तीन जागी: ०.४४, ०.४८, ०.५१. आणखी कमी करायचा मोह होतो, पण ०.३ च्या खाली गेलं की सुटलेली प्लेट पुलीला घासत राहते, तापते आणि तोंडं व बेअरिंग दोन्ही खाते.

थंड क्लच कॉइलवर पुन्हा चाचणी: आता ६.६ व्होल्टला पकडतो, म्हणजे १.८३ अँपिअर. गरम असतानाही ८.५ व्होल्टच्या आत पकडायला हवा.

नवा चार पिनांचा रिले बसवला. सॉकेटमधल्या ३० आणि ८७ च्या पिना काळवंडलेल्या होत्या का ते पाहिलं. चकचकीत आणि घट्ट आहेत. रिलेवरची घट ०.०५ व्होल्ट.

१२ मे

बाहेर ३७ अंश. तासभर चालवून मुद्दाम एसी बंद-चालू केला, पूर्ण अॅक्सिलरेटर दिला. प्रत्येक वेळी क्लच पकडला. क्लच कॉइल गरम असताना टोकाला १३.६ व्होल्ट. व्हेंटला ९ ते ११ अंश.

१४ मे

बाहेर २७ अंश, हवेत भरपूर दमटपणा. ब्लोअर १ वर, रीसर्क्युलेशन. पाऊण तासानंतर हवा गरम, पण या वेळी चित्र निराळं. व्हेंटचं तापमान आधी ६ पर्यंत उतरलं. मग कागदाची पट्टी हळूहळू खाली झुकली आणि शेवटी सरळ लोंबायला लागली. ब्लोअरचा आवाज चालू, हवा मात्र नावाला. दोन्ही दिवे संपूर्ण वेळ पेटलेले, प्लेट फिरते आहे. लो साइड १७ पीएसआय, कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या जाड पाइपवर पांढरं हिम. आर-१३४ए साठी २८ पीएसआय म्हणजे शून्य अंश. १७ ला कूलिंग कॉइल उणे आठच्या आसपास पोहोचलेली असते. इंजिन बंद करून बर्फ वितळू दिला तेव्हा ड्रेनच्या नळीतून पाण्याची धारच लागली.

गाडीमालकाचं ‘कधी असं, कधी तसं’ बरोबर होतं. एकाच गाडीत दोन वेगळे दोष आहेत.

इथे ओलाव्याचा दोष वेगळा काढावा लागतो. सर्किटमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारा व्हॉल्व्ह) बारीक छिद्रात गोठतं. तेव्हाही क्लच फिरत असतो आणि दोन्ही दिवे पेटलेले असतात. पण हवेचा जोर कमी होत नाही आणि लो साइड शून्याखाली, व्हॅक्यूममध्ये जाते. तसं दिसलं असतं तर गॅस रिकव्हरी मशीनमध्ये काढून, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) नवा बसवून किमान पाऊण तास व्हॅक्यूम ओढावा लागला असता. २५ अंशाला पाणी उकळायला प्रेशर पाऱ्याच्या सुमारे २४ मिमीपर्यंत उतरावं लागतं, म्हणून समुद्रसपाटीच्या हिशेबाने व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या पलीकडे गेलाच पाहिजे. २६ वर अडणारा पंप पाणी काढत नाही, फक्त वेळ घालवतो. इथे जोर गेला आणि काटा १७ वरच थांबला. बर्फ कूलिंग कॉइलच्या पंखांवर (पातळ पत्र्यांवर) आहे, व्हॉल्व्हमध्ये नाही.

मग कॉम्प्रेसर कापला का गेला नाही? कूलिंग कॉइल ३ अंशाच्या आसपास आली की थर्मिस्टरने ईसीयूला कळवायचं असतं आणि हिरवा दिवा विझायचा असतो. तो एकदाही विझला नाही.

१६ मे

ग्लव्ह बॉक्स काढला. थर्मिस्टरचा प्रोब कूलिंग कॉइलच्या पंखांमधून निसटून पुढे हवेत लोंबत होता. नायलॉनची क्लिप तुटलेली. बर्फ न जमलेल्या कोपऱ्यातून येणारी थोडी उबदार हवा त्याला लागायची, आणि कूलिंग कॉइल ७-८ अंशांवर आहे असं ईसीयूला दिसायचं.

थर्मिस्टर स्वतः तपासला: २५ अंशाच्या पाण्यात २.१ किलोओहम, बर्फ घातलेल्या पाण्यात ढवळून ५.९. शून्याला जवळपास तिप्पट, अशीच वाढ अपेक्षित असते. वायर हलवली तरी रीडिंग उडत नाही. थर्मिस्टर चांगला आहे.

नवी क्लिप लावून प्रोब पंखांवरच्या जुन्या खुणेतच बसवला. जागा मनाने बदलायची नाही. कारखान्याने ती सगळ्यात थंड भाग बघून निवडलेली असते. प्रोब बोटाच्या दाबानेच आत सरकवायचा. पंखांच्या मागे अॅल्युमिनिअमच्या पातळ नळ्या असतात. पेचकसाने ढकलताना एखादी फुटली तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

केबिन फिल्टर धुळीने आणि पानांच्या चुऱ्याने गच्च. बदलला. कमी हवा म्हणजे कूलिंग कॉइलला कमी उष्णता, म्हणजे बर्फ लवकर. निसटलेल्या प्रोबला याने हातभार लावला होता. फिल्टरच्या जागेतून कूलिंग कॉइलचं तोंड टॉर्चने पाहिलं: स्वच्छ. ड्रेनची नळी मोकळी.

१८ मे

सकाळी दमट हवेत ब्लोअर १ वर एक तास: हिरवा दिवा आता नियमित विझतो आणि पेटतो. प्रोबशेजारी लावलेल्या दुसऱ्या थर्मामीटरवर २.८ ला कट, ४.३ ला पुन्हा चालू. कागदाची पट्टी शेवटपर्यंत आडवी. दुपारी उन्हात, गाडी उभी ठेवून, पाऊण तास आयडलवर: हाय साइड २४५ च्या वर गेली नाही, थर्मिस्टरच्या प्रत्येक कटनंतर क्लच पकडला.

गॅसचं सर्किट शेवटपर्यंत उघडलं नाही. सांधे, कंडेन्सरचा खालचा कोपरा आणि सर्व्हिस व्हॉल्व्ह लीक डिटेक्टरने फिरून बघितले, गळती नाही.

एलईडी आणि वायरी काढल्या, अस्तराच्या क्लिपा पूर्ण बसवल्या. गॅपचे तिन्ही आकडे आणि शिमची जाडी गॅसच्या भरण्याच्या स्टिकरशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवली. पुढच्या सर्व्हिसला त्याच तीन जागी मोजायचं. हबमध्ये आता ०.२ मिमीच्याच शिम उरल्या आहेत. त्या काढूनही गॅप ०.६० च्या आत राहत नसेल तेव्हा प्लेट आणि पुली जोडीने बदलावी लागेल.